वेल्डर, भाग सहा

भाग एक आम्हाला कधी मिळालाच नाही.
गोळीबार चौकात होमदेव परातेच्या दुकानातून
तो कायम कोणीतरी नेलेला असायचा.
"तीनपासून पाय ना, काही फरक नाही पडत," होमदेव म्हणायचा,
आणि खरंच पडला नाही.
वेल्डिंगचा मुखवटा घालून हा माणूस का मारत फिरतो
हे न कळताच आमच्या गल्लीनं
त्याला घरचा मानून टाकला.

मे महिना. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या.
भाड्याचा व्हीसीआर, माणशी दोन रुपये,
टीव्ही खिडकीत, तोंड अंगणाकडे,
अंगणात खाटा, खाटांवर आम्ही,
आणि पडद्यावर कुठल्यातरी गावात पडणारा बर्फ.
अर्धे लोक तो बर्फ बघायलाच बसायचे.

तीनमध्ये तो विहिरीत पडून मेला.
चारमध्ये विहिरीतून निघाला, कपडे कोरडे.
पाचमध्ये जाळला. सहाच्या सुरुवातीला
राखेवर वीज पडली, एवढंच.
"पटलं का वो?" कौतिकाबाई नंदनवारांनी विचारलं.
न पटून जायचं कुठं होतं?
घरात तर भिंतीही तापलेल्या.

रक्त दर भागात पातळ होत गेलं
महिनाअखेरच्या वरणासारखं.
दार आपटलं की अख्खी भिंत हलायची.
मरणाऱ्या पाचही पोरी
एकाच बाईच्या हिंदीत रडायच्या,
आणि चारमधली किंकाळी सहामध्ये पुन्हा आली तेव्हा
आम्ही ती ओळखली, टाळ्या वाजवल्या,
जुनी शेजारीण भेटावी तशा.

पोरगी तळघराचं दार उघडायची.
गल्ली ओरडायची, नको जाऊ वो बाई!
ती जायचीच.
एरवी कुठं आमचं म्हणणं
इतक्या लवकर, इतकं खरं ठरत होतं?
मिल पुन्हा उघडणार, ही बातमीसुद्धा
दर वर्षी उठून यायची. कपडे कोरडे.

बाबा कधी पाहत नसत.
त्या रात्री उकाड्यानं बाहेर आले,
तांब्या हातात, उभेच राहिले.
वेल्डर जिना उतरत होता.
"हा तो नव्हे," बाबा म्हणाले.
"मागच्या खेपेचा डाव्या पायावर भार टाके.
याचे बूट पाय, ढिल्ले आहेत, दुसऱ्याचे आहेत.
बदलीवाला आहे हा."

गल्ली हसली.
बाबा अकरा वर्षं बदलीवाले होते.
पहाटे गेटवर उभं राहायचं,
कोणी आजारी पडलं, कोणी मेलं,
की त्या दिवसापुरता त्याचा साचा यांचा.
कायम झाले, आणि चौथ्या वर्षी
गेटलाच कुलूप.

मग मला भीती वाटेना.
कुऱ्हाड वर जायची, मी खाली बघायचे,
बुटांत कापूस कोंबला असेल का,
मुखवट्यात घाम किती येत असेल,
त्या बर्फाखाली खरं तर ऊनच असेल का.
पोरगी पळत होती. तो पळत नव्हता,
कधीच पळत नसे.
पळाला असता तर बूट निघून पडले असते.

शेवटाला दहा मिनिटं असताना लाइट गेली.
तास झाला, दीड झाला, लोक खाटा उचलून गेले.
सकाळी सातला कॅसेट परत करायची होती.

बाबा दात घासत होते.
"मेला का मंग तो?"
"मेला असेल. दर वेळी मरतो."
त्यांनी चूळ भरली, थुंकले, थोडं थांबले.
"सातमध्ये घेतीन का याले?"

दुपारी डांबर चपलेला चिकटत होतं.
होमदेवकडे सात नव्हता, आठ होता.
आठमधला ठेंगणा, डावखुरा,
बूट अगदी मापाचे.

घरी येऊन बाबांना सांगितलं,
तोच आहे.
कायम झाला.